धर्माबादच्या पाकिटाचा खुलासा

ऑनलाइन मागवलेली वस्तू रस्त्यात असते तेव्हा ती कुणाचीच नसते. विकणाऱ्याने ती हातातून सोडलेली असते, घेणाऱ्याच्या हाती ती पडलेली नसते. मधले दोन, चार, कधी आठ दिवस ती फक्त हलत असते. या हलण्याची जबाबदारी अकरा वर्षं माझ्याकडे होती. नऊ वर्षं नांदेडला, शेवटची दोन लातूरला.

त्याआधी चौदा वर्षं मी नांदेडच्या एका दैनिकात जिल्हा पानावर उपसंपादक होतो. ती आवृत्ती बंद झाली. त्या वयात दुसऱ्या धंद्यात खपेल अशी एकच माहिती माझ्याकडे होती: कोणत्या गावाला अंक किती वाजता पोचतो, कोणत्या जीपने पोचतो आणि ती जीप चुकली तर दुसरी कोणती. किनवटच्या जंगलातल्या गावांना कोणत्या स्टेशनवर गठ्ठा उतरवायचा आणि तो कुणी उचलायचा, हेही पाठ होतं. घरपोच माल पोचवणाऱ्या एका कंपनीला नांदेडला माणूस हवा होता. मुलाखतीत मी फक्त ही यादी म्हणून दाखवली. नोकरी मिळाली.

काम समजायला सोपं आहे. विक्रेत्याच्या दारातून माल उचलायचा, हबवर आणायचा, गावांप्रमाणे वेगळा करायचा, ट्रकने दुसऱ्या शहराच्या हबला पाठवायचा, तिथून दुचाकीवाला तो ग्राहकाच्या दारात नेतो. हब म्हणजे पत्र्याचं मोठं गोदाम, दुसरं काही नाही. प्रत्येक टप्प्यावर पाकिटावरचं उभ्या रेघांचं लेबल यंत्राने वाचायचं. यंत्र 'टीं' करतं. टीं झालं की माल तुमच्या ताब्यात आला. पुढचं टीं होईपर्यंत त्याचं जे होईल ते तुमचं.

वरिष्ठ ज्याला स्ट्रॅटेजी म्हणत, ती माझ्या अनुभवात तीन प्रश्नांत संपत असे. माल कुठे थांबतो? का थांबतो? आणि परत का येतो? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण परत येणारा माल तेवढाच रस्ता दुसऱ्यांदा खातो आणि त्यातून कुणालाच काही मिळत नाही.

बराचसा माल पत्त्यामुळे परत येई. निलंग्याकडच्या एका ग्राहकाने पत्ता दिला होता: 'मारुतीच्या मागं, बोअरच्या म्होरं, कुणालाबी इचारा.' संगणकाने तो अपूर्ण ठरवला. दुचाकीवाल्याने वेशीत एकाला विचारलं आणि पाच मिनिटांत पाकीट पोचतं केलं. भूकंपानंतर नव्याने वसलेल्या किल्लारीच्या बाजूच्या एका गावात उलट व्हायचं. पत्ता पूर्ण असायचा, गल्लीच्या नावासकट. पण गल्ली जुन्या गावातली. नकाशा बरोबर तिथे न्यायचा आणि तिथे बाभळी उभ्या असायच्या. लोक नव्या प्लॉटमध्ये कित्येक वर्षं राहत होते, पत्ता मात्र तोंडात जुनाच होता. मी अशा गावांची वही केली. दोनशे पानांची ती वही ही माझी खरी कमाई. तिच्याबद्दल अजूनही कुणी विचारलं तर मला बरं वाटतं.

पण या लेखाचं कारण वही नाही. कारण एक मिरचीचं पाकीट आहे.

दसऱ्यानंतरचा सोमवार होता. सकाळी दहा चाळीसला नांदेड हबमध्ये एका पोत्यात मिरची पुडीचं पाकीट फुटलं. त्यावर मिक्सरचे खोके पडले होते. दोन मिनिटांत सगळं गोदाम खोकू लागलं. पंखे चालू होते, त्यामुळे पूड कोपऱ्यापर्यंत गेली. सॉर्टिंगचा सुपरवायझर शेख मुनीर तोंडाला रुमाल बांधून माझ्याकडे आला. मुनीर माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून होता. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साब, आज हब नाही, फोडणी आहे."

अडतीस पाकिटांना मिरची लागली. त्यात बाळाची झबली होती, लग्नाची एक साडी होती, एका तबल्याची खोळ होती. पुढच्या आठवड्यात यातली बरीच परत आली. साडीवाल्यांनी फोनवर जे ऐकवलं ते छापण्यासारखं नव्हतं.

फुटलेल्या पाकिटाच्या लेबलावर ठळक अक्षरांत धर्माबाद होतं. तेवढं मी पाहिलं. धर्माबाद मिरचीची मोठी पेठ आहे. त्या मार्गावर मिरची पूड ऑनलाइन विकणारं एकच नाव होतं, हे मला ठाऊक होतं. दुपारी अडीचला मी आदेश काढला. तो चार ओळींचा होता:

'धर्माबाद मार्गावरील मिरची पूड व मसाले पुढील सूचनेपर्यंत उचलू नयेत. कारण निकृष्ट पॅकिंग. इतर मालाचे नुकसान झाले आहे. तात्काळ अंमल व्हावा.'

आदेशात कुणाचं नाव नव्हतं. त्यामुळे तो निःपक्षपाती दिसत होता. मी तो पुन्हा वाचला, एक शब्द कमी केला आणि कळ दाबली. भाषा चांगली उतरली आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

नऊ दिवसांनी, बुधवारी सकाळी, एक बाई हबच्या दारात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. धर्माबादहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. हातात कापडात शिवलेलं एक पाकीट होतं. त्यांनी आधी मुनीरला विचारलं, मग माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मी जयश्री कोंडावार. मिरचीवाली. इथले साहेब तुम्हीच का?"

मी हो म्हणालो. बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"साहेब, नऊ दिस झाले, तुमची गाडी माझ्या दारावरून जाऊन राहिली. थांबत न्हाई. डायवर म्हणतो मिरची बंद हाय. धर्माबादेत मिरची बंद? उद्या म्हणाल गोदावरीत पाणी बंद हाय."

"तक्रार झाली होती," मी म्हणालो. "पाकीट फुटलं. बाकीचा माल खराब झाला."

"माझं पाकीट?"

"धर्माबादचं होतं."

"दाखवा."

नऊ वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. लोक ओरडत, विनवत, वरिष्ठांचं नाव घेत. पुरावा कुणी मागितला नव्हता. मी म्हणालो, ते केव्हाच टाकून दिलं. तेवढ्यात मागून मुनीर म्हणाला, "साब, आहे. मी ठेवलंय."

पाकीट रंगाच्या रिकाम्या बादलीत होतं, झाकण लावलेलं. घंटागाडीवाल्याने ते घ्यायला नकार दिला होता, म्हणून ते मागच्या भिंतीशी पडून होतं. मी मुनीरकडे पाहिलं. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं?"

जयश्रीबाईंनी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. त्यांचा माल असा जाई: आत सीलबंद प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर जाड कापड, कापडाला लाल दोऱ्याची शिवण. शिवण पेठेतल्या मिरचीच्या पोत्यासारखी, दोन टोकांना पकडायला कान काढलेले. त्यांच्याकडे आठ बाया मिरचीची देठं खुडत आणि संध्याकाळी पाकिटं शिवत.

"टाका आमचाच हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोऱ्याची टोकं माझ्यासमोर धरली. "पन हे बगा. हे उसवलेलं न्हाई, कापलेलं हाय. कात्रीनं. दोरा उसवला तर टोक पिंजारतं. आन् आतल्या पिशवीला हा रबर कुणी लावला? मी सील करते. रबर लावायला मी काय फरसाणवाली हाय?"

मुनीरने लेबल उजेडात धरलं. ते लाल झालं होतं. त्याने बोटाने पुसलं. वरच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत 'परत' असं होतं.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. माल ग्राहकाकडे जाताना लेबलावर ग्राहकाचं गाव ठळक असतं. ग्राहकाने तो परत केला की नवं लेबल लागतं आणि त्यावर विक्रेत्याचं गाव ठळक होतं. पुण्याच्या एका ग्राहकाने पाकीट कापून उघडलं होतं, थोडी मिरची वापरून पाहिली होती, रबर लावून परत केलं होतं. ते धर्माबादहून आलेलं नव्हतं. धर्माबादला चाललं होतं. हबमध्ये नवीन आलेला माणूस ही चूक पहिल्या आठवड्यात करतो. आम्ही त्याला त्यावरून महिनाभर चिडवतो.

"अय्यो," जयश्रीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा बसल्या. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. ज्या संकेतस्थळावर त्यांचं दुकान होतं त्याची सूचना होती. साठ ऑर्डर अडकलेल्या. शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत त्या कुरिअरच्या ताब्यात गेल्या नाहीत तर दुकान तीन महिने बंद. दिवाळी त्या तीन महिन्यांतच होती. फेब्रुवारीत घेतलेली मिरची तोवर रंग सोडते, हे त्यांनी सांगितलं नाही. धर्माबादच्या माणसाला ते सांगावं लागत नाही असं त्यांना वाटलं असावं. बायांबद्दल मात्र बोलल्या. "आठातल्या दोघी कापूस वेचायला गेल्या. बाकीच्या सहा रोज येऊन बसतात. मी म्हणते, जा. त्या म्हणतात, आज गाडी थांबंल."

मग त्यांनी विचारलं, "साहेब, ही बंदी घातली कुणी?"

मुनीर तिथेच उभा होता. बादलीचं झाकण त्याच्या हातात होतं.

"वरून आदेश आहे," मी म्हणालो.

त्या मान हलवून बाहेर चहाला गेल्या. मुनीरने झाकण बादलीवर ठेवलं, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "वरून म्हणजे साब, पंख्यावरून का?"

चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांवर एकच शेरा मारत आलो होतो: दुसरी बाजू कुठे आहे? तालुक्याच्या वार्ताहरांना त्यासाठी फोनवर झापलं होतं. एका सरपंचाची बाजू नाही म्हणून पान सुटायच्या वेळी मथळा काढून टाकला होता. धर्माबादला एक फोन करायला मला तीन मिनिटं लागली असती.

बंदी घालायला हबप्रमुखाची एक कळ पुरे. उठवायला पुण्याच्या विभागीय कार्यालयाची मंजुरी लागे. मी तासाभरात अर्ज पाठवला. उत्तर आलं: चार कामाचे दिवस. मी फोन केला. तेच उत्तर मिळालं. शुक्रवार दोन दिवसांवर होता. त्या दिवशी मी टेबलाशी बसू शकलो नाही. ट्रक लागले, सुटले. मी एकाच रांगेत पोती दोनदा मोजली आणि दोनदा वेगळा आकडा आला. मुनीर म्हणाला, "साब, बसा. तुम्ही फिरता त्यानं माल फिरत नाही."

वाट सापडली ती जुन्या यादीतून. बंदी नांदेड हबवर होती. लातूर हब वेगळा. विक्रेत्याला माल उचलण्यासाठी दुसरा पत्ता नोंदवता येतो. मी जयश्रीबाईंना विचारलं, लातूरला कुणी आहे का.

"नणंद हाय. औसा रोडला. पन तिचं माझं बोलनं न्हाई."

"किती दिवस?"

"चार वर्सं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बोलते."

नणंदेने पत्ता वापरायला दिला. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आता प्रश्न धर्माबादचा माल लातूरला न्यायचा. कंपनीची गाडी वापरता येत नव्हती. लातूरचा बालाजी रोज पहाटे वर्तमानपत्राचे गठ्ठे घेऊन नांदेडला येई आणि दुपारी न विकलेले अंक घेऊन परत जाई. माझ्या दैनिकाचे गठ्ठेही एके काळी त्यानेच वाहिले होते. त्याच्या जीपमध्ये परतीच्या वाटेवर जागा असे.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने जयश्रीबाई, त्यांच्या दोन बाया आणि चार पोती नांदेडला उतरली. मुनीरने लातूरच्या पत्त्याची साठ नवी लेबलं छापून ठेवली होती. कापडावर लेबल चिकटत नाही. म्हणून बाया पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लेबल डकवून पुठ्ठा पाकिटाला शिवत. साठ जुने पुठ्ठे काढून साठ नवे शिवायचे होते. त्याला वेळ नव्हता. जीपमध्ये शिवू, असं बायांनी ठरवलं. सव्वाबाराला जीप सुटली. मला हब सोडता येत नव्हता. दुपारचे ट्रक यायचे होते.

माझ्या धंद्यात दुसऱ्याचा माल हलवायची सवय लागते. वाट पाहायची लागत नाही. दीडला मी बालाजीला फोन लावला.

"सर, लोहा सोडलं."

मागे बरेच आवाज होते. "गाडीत कोण आहे?"

"कोन न्हाई सर. पाच-सहा पॅसिंजर हायत."

"बालाजी, मी फक्त माल न्यायला सांगितला होता."

"आवो सर, लोकं रस्त्यावर हात करायलीत. आज थांबलो न्हाई तर उद्या माझ्या जीपला कोन थांबंल? आन् ते बाजूला ऱ्हाऊ द्या, मागं एक म्हातारी पोत्यावर बसलीय. लोह्यापासनं शिंकायलीय. गाडी गचका खाती का तिची शिंक, काय कळंना गेलंय."

मी म्हणालो, लेबलं शिवली का बघ. तो म्हणाला, "तीच शिवायलीय. शिंकती आन् शिवती. बाकीचेबी घिऊन बसलेत. एक मास्तर हायत, ते सुईत दोरा ओवायलेत."

फोन ठेवला तेव्हा मुनीर विचारत होता काय झालं. मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मला हसू आलं नाही. सात वाजायला साडेपाच तास होते.

तीन चाळीसला फोन लागला नाही. तीन पन्नासला लागला नाही. चार वाजता जयश्रीबाईंनीच केला. अहमदपूरच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. एकेरी वाट, दोन्हीकडे रांगा, पाऊण तास गाडी जागची हलली नव्हती.

"मग आता?"

"आता चाललो. मी उतरून म्होरं गेले. मुकादमाला म्हनलं, दादा, गाडीत चार पोती मिरची हाय, उन्हात तापून राहिली. फुटली तर तुमचे समदे मजूर संध्याकाळपर्यंत रडतील. त्यानं आमचीच बाजू आदी सोडली."

मिरचीने एक दिवस माझं गोदाम बंद पाडलं होतं. त्या दिवशी तिने रस्ता उघडला. हे मी वहीत लिहून ठेवलं आहे, पुलाच्या नावासह.

लातूरच्या हबची गाडी औसा रोडवरून पाच पंचेचाळीसला माल उचलून निघत असे. जीप त्याआधी पोचणार नव्हती. तिथल्या हबप्रमुखाला थांबायला सांगणं भाग होतं. मी फोन केला. त्याने साहजिकच विचारलं, "नांदेडचा विक्रेता लातूरहून का पाठवतोय?"

खरं उत्तर दहा शब्दांचं होतं. मी म्हणालो, "नवा मार्ग तपासतोय. महत्त्वाचा विक्रेता आहे."

"असं आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "थांबवतो."

जीप सहा वीसला नणंदेच्या दारात पोचली. चार वर्षांनी भेटलेल्या दोन बायका दारात उभ्या राहून एकमेकींकडे पाहत होत्या, असं बालाजीने नंतर सांगितलं. मग नणंद म्हणाली, आधी पोती उतरवा. स्कॅनिंग सुरू झालं. बालाजीने फोन चालू ठेवून यंत्राजवळ धरला. मी नांदेडला ट्रकच्या मागे उभा राहून ती टीं मोजत होतो. सातला दोन मिनिटं असताना आवाज थांबला. छप्पन्न. चार लेबलांमध्ये सुई नेमकी रेघांतून गेली होती. यंत्राने ती वाचली नाहीत.

छप्पन्न पुरले, कारण संकेतस्थळाच्या नियमात दहातल्या नऊ ऑर्डर गेल्या तरी चालत होतं. दुकान उघडं राहिलं. शनिवारी सकाळी जयश्रीबाईंचा फोन आला. मागे बायांचा गलका होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बसल्यात. देठं खुडून राहिल्यात."

मंगळवारी बंदी उठली. मी धर्माबादच्या गाडीला त्यांच्या दारात थांबायला सांगितलं. गाडी थांबली. त्यांनी माल दिला नाही. ड्रायव्हरने सांगितलं, त्या म्हणतात लातूरहूनच जाईल. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी थांबवली. तेच उत्तर. त्यानंतर रोज त्यांचा माल आगगाडीने नांदेडला, नांदेडहून बालाजीच्या जीपने लातूरला आणि लातूरहून माझ्याच कंपनीच्या ट्रकने पुढे जाऊ लागला. नांदेडच्या हबपासून जीपचा अड्डा चालत सात मिनिटांवर होता.

पुण्याच्या कार्यालयाने तो मार्ग हेरला. लातूरच्या हबप्रमुखाने कौतुकाने कळवलं होतं. मला बोलावून सादरीकरण करायला सांगितलं. विषय: ऑनलाइन विक्रेत्यांसाठी स्थानिक वाहतुकीचा उपयोग. मी सहा पानं केली. वर्तमानपत्राच्या गाड्या, परतीच्या फेरीतली मोकळी जागा, नातेवाइकांचा पत्ता, प्रवासात होणारं पॅकिंग. सगळं खरं होतं आणि सगळं उपयोगी होतं. पुढे तीन जिल्ह्यांत ते वापरलं गेलं. शिंकणाऱ्या म्हातारीपाशी सभागृह हसलं. हा मार्ग का शोधावा लागला, यावर सातवं पान नव्हतं. कुणी विचारलंही नाही. काही महिन्यांनी मला लातूरचा हबप्रमुख केलं.

त्याआधी दिवाळीच्या आदल्या दिवशी मुनीरने माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. कापडाचं, लाल टाक्याचं, दोन कान काढलेलं. लेबल नव्हतं. जयश्रीबाई जीपच्या अड्ड्यावर देऊन गेल्या होत्या.

"तुमच्यासाठी नाही साब," मुनीर म्हणाला. "त्या म्हणाल्या, वरच्या साहेबाला द्या. सगळ्यात तिखट आहे म्हणून सांगा."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, पोचवतो." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "पोचवलं."

लातूरला असताना रोज संध्याकाळी त्यांचा माल माझ्यासमोरून जात असे. कधी त्या स्वतः यायच्या. नणंद बरोबर असायची. दोघी मिळून कंत्राटदारासारख्या पोती मोजून घ्यायच्या आणि माझ्या माणसांना कामाला लावायच्या. जाताना जयश्रीबाई न चुकता विचारायच्या, "वरचे साहेब बरे हायत ना?"

"बरे आहेत," मी म्हणायचो.

दोन वर्षांत हा प्रश्न किती वेळा आला ते मोजलेलं नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या नोकरीत मोजली नाही.

मी आता नांदेडला घरी असतो. घंटागाडीचा हॉर्न वाजला तरी उठून उभा राहतो. बायको म्हणते, "कुठं जायचंय तुम्हाला?" कुठेच जायचं नसतं. गेल्या महिन्यात मी जयश्रीबाईंच्या दुकानातून अर्धा किलो मिरची मागवली आणि मोबाइलवर तिचा प्रवास पाहत बसलो. धर्माबादहून ती कधी निघाली ते दिसलं नाही. पहिली नोंद लातूरची होती. म्हणजे त्याआधी ती नांदेडहून, माझ्या घरापासून दोन किलोमीटरवरून, न थांबता पुढे गेली होती. मग ती लातूरहून नांदेडला परत आली. तिसऱ्या दिवशी दारात पोचली. धर्माबाद ते नांदेड हा रस्ता दीड-दोन तासांचा आहे.

ते पाकीट स्वयंपाकघरात वापरात आहे. दिवाळीचं पाकीट कपाटात आहे. त्याचा टाका मी कापलेला नाही. ते पोचलं असं मुनीर म्हणतो. पण त्याचं टीं अजून झालेलं नाही.

वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापत. ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर, थोडक्यात, विशेषणांशिवाय. मी असे अनेक खुलासे लिहिले आहेत. त्यातला एक माझ्याकडून राहून गेला होता. आदेश चार ओळींचा होता, म्हणून हाही चारच ओळींचा आहे.

खुलासा: धर्माबाद मार्गावरील मिरची पूड न उचलण्याचा आदेश वरून आलेला नव्हता, तो नांदेड हबप्रमुखाने, म्हणजे प्रस्तुत लेखकाने, स्वतः काढला होता. फुटलेले पाकीट धर्माबादहून आलेले नव्हते, धर्माबादला चालले होते. पॅकिंग निकृष्ट नव्हते. श्रीमती जयश्री कोंडावार यांची बाजू विचारण्यात आली नव्हती.